न्हाणीघरातले पाणी फार हळू उतरते. फरशी फोडण्यापूर्वी काय तपासावे?

रामबागची सून

नमस्कार. इंदूरच्या रामबागेतले आमचे घर आजेसासऱ्यांनी बांधलेले आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही खालच्या न्हाणीघराची कोटा फरशी तशीच ठेवून भिंतींना टाइल्स लावल्या आणि जाळीखालचा ट्रॅप (थोडे पाणी अडवून गटाराचा वास रोखणारा भाग) बदलून पीव्हीसीचा बसवून घेतला; मात्र तिथून अंगणातल्या चेंबरपर्यंत जाणारा चार इंची चिनी मातीचा पाइप जुनाच आहे. गेल्या पावसाळ्यापासून पाणी रेंगाळू लागले होते, पण रोजच्या धांदलीत त्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. यंदा रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहून परतलेली आठ माणसे एकापाठोपाठ एक आंघोळीला गेली, आणि त्या दिवसापासून पाणी घोट्यापर्यंत साचते आहे. काल मी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा वीस लिटरची भरलेली बादली ओतल्यावर सगळे पाणी उतरायला अकरा मिनिटे लागली. सासरे ७८ वर्षांचे आहेत आणि साबणाच्या पाण्यात त्यांचा पाय घसरेल याची मला सतत धास्ती वाटते.

बोलावलेल्या प्लंबरने ॲसिडची अख्खी बाटली ओतली. त्याने दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय जाळीभोवतीची फरशी वीतभर पांढुरकी आणि खरखरीत झाली ती वेगळीच. आता त्याचे म्हणणे आहे की फरशी फोडल्याशिवाय इलाज नाही. तसे करण्याआधी घरच्या घरी काही करता येईल का? खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा खरोखर उपयोग होतो का? आणि हे सगळे गुलालामुळे झाले असेल का? आणखी एक गोष्ट, कदाचित महत्त्वाची नसेल: मागच्या व्हरांड्यातले वॉशिंग मशीन पाणी सोडते, तेव्हा न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुड आवाज येतो आणि थोडे फेसाळ पाणी वर येते.

अन्नपूर्णा रोड

आम्ही दर अमावास्येला जाळीत वाटीभर सोडा आणि वाटीभर व्हिनेगर घालून वरून आधणाचे पाणी ओततो. आमचे पाणी कधी तुंबलेले नाही. आपणही करून पाहावे.

केमिस्ट्रीच्या बाई

अन्नपूर्णा रोडवरच्या ताईंची शिस्त चांगली आहे, पण श्रेय सोड्याला देऊ नये. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की कर्बवायू उडून जातो, तोच तो फेस, आणि मागे उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी, म्हणजे जवळजवळ मिठाचे पाणी. दोन्ही पदार्थ एकमेकांना मारून टाकतात आणि बोळा जिथल्या तिथे राहतो. दर महिन्याला ओतलेले गरम पाणी मात्र तेलकट थर नक्कीच सैल करते. फक्त ते उकळते नसावे. पीव्हीसीचा पाइप साधारण ६० अंशांपलीकडे नरम पडू लागतो. उकळत्या पाण्यात तेवढेच नळाचे पाणी मिसळले की आपल्याला हवे तेवढे गरम पाणी मिळते, आणि त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन चमचे टाकले तर आणखी बरे.

आता ॲसिडविषयी. कोटा हा चुनखडीचा दगड आहे आणि ॲसिड चुनखडी खाते, त्यामुळे आपली फरशी पांढुरकी झाली यात नवल नाही. टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंटही ते असेच पोखरते. दोन दिवस बरे वाटण्यालाही कारण आहे. आपल्याकडे बोरिंगचे पाणी वापरात असेल तर ते बहुतेक जड असणार, आणि जड पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरट, चिकट, पाण्यात न विरघळणारी साय तयार करतात. बादलीच्या काठाला जो थर बसतो तोच हा. ॲसिडने ही साय थोडी सुटते, पण केसांना काही होत नाही. केस विरघळवायला कॉस्टिक सोडा लागतो, आणि तो सायीवर विशेष चालत नाही. त्यामुळे एकच बाटली सगळे साफ करील ही अपेक्षाच चुकीची आहे.

कॉस्टिक वापरायचाच झाला तर काही गोष्टी जिवाच्या आहेत म्हणून स्पष्ट लिहिते. आधी ॲसिड ओतलेल्या पाइपात भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय कॉस्टिक घालू नये, कारण दोन्ही भेटली की एकदम उष्णता निर्माण होऊन ते मिश्रण तोंडावर उसळू शकते. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडे थोडे घालावे, कॉस्टिकवर पाणी ओतू नये, आणि ॲल्युमिनियमचे भांडे तर मुळीच घेऊ नये. संडास साफ करण्याचे ॲसिडयुक्त द्रावण आणि ब्लीचिंग पावडर ही जोडी तर न्हाणीघरात एकत्र येताच कामा नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि दार लावलेल्या लहान खोलीत तो प्राणघातक ठरू शकतो. खरे सांगायचे तर आपल्या घरी मी यातले काहीच ओतणार नाही. घोटाभर साचलेल्या पाण्यात टाकलेले रसायन बोळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच पातळ होते, आणि मागाहून हात घालणाऱ्याचे हात मात्र भाजतात.

गुलालाला मी फार दोष देणार नाही. त्यात मक्याचे पीठ किंवा शंखजिऱ्यासारखी पूड असते आणि मोकळ्या पाइपातून ती सहज वाहून जाते. आधीच अर्धा चोंदलेला पाइप तिने पूर्ण चोंदवला असेल, एवढेच.

सुदामानगर २१

आमच्याकडे दोन लेकी, दोघींचे केस कमरेपर्यंत, त्यामुळे या विषयात माझा हात बसलेला आहे. प्लंबरला बोलावण्याआधी मी काय करते ते क्रमाने सांगते.

आधी जाळी काढावी. ती सिमेंटने धरली असेल तर कडेने जुन्या चाकूचे टोक फिरवून सैल करावी, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, कारण कोट्याची कपची उडते. जाळीखाली बहुतेक ठिकाणी एक उपडी वाटी असते. तिच्यामुळे ट्रॅपात थोडे पाणी अडून राहते आणि गटाराचा वास व झुरळे वर येत नाहीत. निम्मा घोटाळा या वाटीभोवतीच असतो. रबरी हातमोजा घालून वाटी फिरवत वर काढली की तिच्या काठाला गुंडाळलेला करड्या रंगाचा, बोटाएवढा जाड वेढा दिसतो. तो केसांचा असतो, पण साबणाची साय बसून बसून इतका गुळगुळीत झालेला असतो की हातातून मासळीसारखा निसटतो. तो वर्तमानपत्रावर टाकून थेट कचऱ्यात द्यावा. बादलीत धुवायला जाऊ नये, कारण ते पाणी पुन्हा त्याच मोरीत जाते. (हे मी एकदा केलेले आहे.) वाटी पुन्हा बसवायला विसरू नये, वाटी काढल्यावर पाणी छान जाते म्हणून ती तशीच बाजूला ठेवणारे लोक आठवड्याभरात वासाची तक्रार करू लागतात.

एवढ्याने भागले नाही तर रबरी पंप घ्यावा. वॉश बेसिनचे भोक आणि मशीनच्या पाइपाचे तोंड ओल्या फडक्याने घट्ट बंद करावे, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो. पंपाचे रबर बुडेल इतके पाणी असू द्यावे आणि पंधरा-वीस वेळा दाबून झटक्याने ओढावे. खरे काम दाबण्याने होत नाही, ओढण्याने होते. मात्र आपल्याकडे ॲसिड ओतलेले आहे, तेव्हा आधी दहा-बारा बादल्या पाणी जाऊ द्यावे आणि चष्मा लावूनच पंप मारावा.

त्यानंतर स्प्रिंग. हार्डवेअरच्या दुकानात हाताने फिरवायची पाच मीटरची स्प्रिंग मिळते. ती ढकलायची नसते, फिरवत फिरवत आत सोडायची असते. अडली की जोर न करता तिथेच दहा-बारा फेरे द्यावे, म्हणजे तिचे टोक बोळ्यात रुतते, आणि मग तशीच फिरवत बाहेर ओढावी.

माळवा ६२

वरच्या दोघींनी लिहिलेले सगळे बरोबर आहे, पण मला आपल्या प्रश्नातली जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली, ती आपण ‘कदाचित महत्त्वाची नसेल’ म्हणून शेवटी लिहिली आहे. मशीनचे पाणी सुटल्यावर जाळीतून बुडबुडे येतात, याचा अर्थ मशीनचा पाइप न्हाणीघराच्या पाइपाला जिथे मिळतो, त्या ठिकाणाच्या पुढे पाणी अडते आहे. अडथळा फक्त ट्रॅपात असता, तर मशीनचे पाणी तुमच्या जाळीला न शिवता चेंबरात गेले असते. म्हणून काय ओतावे हा प्रश्न सध्या बाजूला ठेवावा आणि पाणी नेमके कुठे अडते ते आधी शोधावे.

त्यासाठी अंगणातल्या चेंबरचे झाकण उघडून एकाने तिथे उभे राहावे आणि दुसऱ्याने आत बादली ओतावी. चेंबर कोरडे असून पाण्याची बारीक धार येत असेल, तर दोष जाळी आणि चेंबर यांच्यामध्ये आहे. चेंबरच भरलेले असेल तर दोष पुढे, रस्त्याकडच्या जोडणीत आहे. तेव्हा घरात काहीही न करता महापालिकेच्या ‘इंदूर ३११’ ॲपवर तक्रार नोंदवावी. दोष मध्येच निघाला तर स्प्रिंग जाळीकडून सोडावी, जिथे अडेल तिथे तिला चिकटपट्टी लावावी आणि बाहेर काढून मोजावी. मग तीच स्प्रिंग चेंबरच्या बाजूने सोडून पुन्हा मोजावी. दोन मापांची बेरीज जाळी ते चेंबर या अंतराएवढी आली, तर अडथळा एकाच जागी आहे आणि ती जागा तुम्हाला जमिनीवर खडूने दाखवता येईल.

माझा अंदाज सांगतो, चुकला तर आनंदच आहे. जुने चिनी मातीचे पाइप दोन-दोन, तीन-तीन फुटांच्या तुकड्यांचे असतात आणि प्रत्येक सांध्यात सुतळी व सिमेंट भरलेले असते. आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पन्नास-साठ वर्षे हा खेळ चालला की एखादा तुकडा खचतो, त्याचा उतार जातो आणि सांधा उघडतो. चार इंची पाइपाला मीटरमागे साधारण अडीच सेंटिमीटर उतार असावा. तो गेला की साबणाची साय तिथेच बसते. शिवाय उघडलेल्या सांध्यातून झिरपणाऱ्या ओलाव्याकडे झाडांची मुळे धावतात. आपल्या अंगणात पाइपाजवळ एखादे झाड आहे का?

रामबागची सून

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मी आणि धाकट्या दिरांनी बसून हे काम केले, ते जसे घडले तसे लिहिते.

वाटीभोवतीचा वेढा सुदामानगरच्या ताईंनी वर्णन केला अगदी तसाच निघाला, फक्त गुलालाने तो जांभळा झाला होता. तो काढल्यावर बादली उतरायला अकरा मिनिटांऐवजी सात मिनिटे लागली. पंप मारून काहीच फरक पडला नाही. चेंबर कोरडे होते आणि त्यात करंगळीएवढी धार येत होती. जाळीकडून स्प्रिंग २.२५ मीटरवर अडली, चेंबरकडून १.२५ मीटरवर, आणि मधले अंतर टेपने मोजले तर बरोबर साडेतीन मीटर भरले.

स्प्रिंगच्या टोकाला जे आले ते आम्ही आधी केसच समजलो. तपकिरी, बारीक, एकमेकांत गुंतलेले. पण ते ओढल्यावर तटतट तुटत होते, त्यांना फाटे होते, आणि धुतल्यावर आतून पांढरे दिसले. सासऱ्यांनी खुर्चीतूनच एक तुकडा मागून घेतला, नखाने सोलला, वास घेतला आणि म्हणाले, ‘‘हा कडुनिंब आहे.’’ झाड चेंबरपासून चार हातांवर आहे.

न्हाणीघराची बाहेरची भिंत जाळीपासून दीड मीटरवर आहे, म्हणजे अडथळा भिंतीपलीकडे अंगणात आहे. याचा अर्थ घरातली फरशी फोडायची गरज नाही, असेच ना? आणि चेंबरकडून स्प्रिंगने मुळे तोडून काढली तर तेवढ्याने भागेल का?

माळवा ६२

फरशीला हातही लावू देऊ नका. मुळे तोडली तर पाणी लगेच सुटेल, पण सांधा उघडा राहिला तर एक-दोन पावसाळ्यांत ती पुन्हा आत येतील, आणि छाटलेली मुळे अधिक दाट फुटतात. अंगण भिंतीपासून चेंबरपर्यंत उघडून ते सगळे तुकडे काढावे आणि सांधे कमीत कमी राहतील असा एकसंध पीव्हीसी पाइप टाकावा. खालची काळी माती वीतभर काढून मुरूम भरावा व त्यावर वाळूचा थर द्यावा, म्हणजे पाइप पुन्हा खचणार नाही. दोन मीटरला पाच सेंटिमीटर उतार आहे की नाही हे माती लोटण्याआधी पारदर्शक नळीत पाणी भरून स्वतः तपासावे. कारागिराच्या ‘हो, आहे’वर विसंबू नये. मशीनचा पाइप भिंतीलगत मिळतो तिथे काटकोनी जोड न देता प्रवाहाच्या दिशेने तिरपा जोड द्यायला सांगावे. झाड तोडू नये.

रामबागची सून

झाडाला सासरे हात लावू देणार नाहीत, त्यामुळे तो प्रश्नच नाही. पावसाळ्याआधी काम व्हावे म्हणून येत्या बुधवारी खोदायला सुरुवात करतो आहोत. सध्या चेंबरकडून निघतील तेवढी मुळे काढली आहेत आणि बादली सव्वा मिनिटात उतरते आहे.

अन्नपूर्णा रोड

आमच्या अंगणातही कडुनिंब आहे. चेंबरचे झाकण गेल्या दहा वर्षांत उघडलेले नाही. उद्या उघडते.