चिमुकला ई-रीडर घेतलाय. मराठी फुटतंय, आणि सवयही लागत नाहीये

फोर्थसीट:
नमस्कार मंडळी. डोंबिवली ते सीएसएमटी, लेडीज डबा, बावीस वर्षं झाली. पूर्वी पर्समध्ये कायम वाचनालयाचं पुस्तक असायचं. मग फोन आला आणि पुस्तक गेलं. गेल्या अख्ख्या वर्षात माझी दोन पुस्तकं वाचून झाली, त्यातलं एक लोणच्यांचं. म्हणजे दीडच धरा.

म्हणून लेकाने वाढदिवसाला हा ई-रीडर मागवून दिला. सव्वाचार इंची पडदा, वजन पाऊणशे ग्रॅमसुद्धा नाही. टच नाही, बटणं आहेत. आत दिवा नाही. व्हॉट्सॅप तर नाहीच नाही. गर्दीत एक हात वरच्या कडीला, पुढचीची वेणी आणि माझं नाक यांच्यात वीतभर जागा. तेवढ्यात हा मावतो आणि अंगठ्याने पान उलटतं. इंग्रजी झकास दिसतं.

पण मराठी! 'किती'तली पहिली वेलांटी क सोडून पुढे सरकते आणि त च्या अंगावर जाऊन पडते. 'शक्ती'चं 'शक् ती'. 'विश्वास' वाचताना तर तो उडतोच.

तर एक, हे नीट कसं करायचं? आणि दोन, पहिले चार दिवस वाचलं, पाचव्या दिवशी हात आपोआप फोनकडे. असल्या छोट्या यंत्रावर कोणी खरोखर रोज वाचतं का?

कानामात्रा:
ताई, यंत्र बिघडलेलं नाही, त्याला देवनागरी जुळवता येत नाही इतकंच. 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी अशीच साठवतात. दाखवताना तिला उचलून क च्या डावीकडे बसवणं, क् आणि त चं जोडाक्षर करणं, हे काम वेगळ्या सॉफ्टवेअरचं असतं. फोनमध्ये ते असतं. या पिटुकल्या यंत्रांतली चिप साधी, त्यामुळे बऱ्याचदा ते घातलेलंच नसतं. इंग्रजीला लागत नाही ना!

उपाय: पुस्तकाची जुळणी कॉम्प्युटरवरच करून प्रत्येक पानाचं चित्र बनवायचं आणि ती फाइल यंत्राच्या मेमरी कार्डात टाकायची. असे कन्व्हर्टर फुकट मिळतात. तुमचं यंत्र असली चित्रांची फाइल घेतं का तेवढं लेकाला बघायला सांगा. ४८० बाय ८०० ठिपक्यांचं काळंपांढरं पान ४८ हजार बाइटचं होतं, म्हणजे हजार पानांना जेमतेम ४८ एमबी. एकच गोम आहे, अक्षर नंतर लहानमोठं करता येत नाही. तेव्हा आधीच चष्म्याचा अंदाज घ्या. टायपाचं, म्हणजे फॉन्टचं म्हणाल तर 'तिरो देवनागरी मराठी' देखणा आहे, ल आणि श आपल्या वळणाचे. पण त्याच्या बारीक रेघा छोट्या पडद्यावर तुटल्यासारख्या दिसतात, मी 'मुक्ता'च वापरतो.

पीडीएफच्या नादी लागू नका. ए-४ पान सव्वाचार इंचात म्हणजे मुंग्यांची रांग. हक्क संपलेली पुस्तकं फुकट देणाऱ्या मराठी विकिस्रोत या साइटवरून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, उतरवून घ्या. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांना खुलं.

पेठेतला:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. यंत्राने सवय लागत नसते. २०१६ साली किंडलवर मराठी पुस्तकं यायला लागली तेव्हा हौसेने सहा इंची घेतलं. अक्षर सुरेख दिसतं, तक्रार नाही. त्यात आज तीनेकशे पुस्तकं आहेत, वाचलेली अकरा. वाचनालयाचं पुस्तक मात्र मी पंधरा दिवसांत संपवतोच, कारण सोळाव्या दिवशी दंड. त्या काउंटरवरच्या बाई नुसतं चष्म्यावरून बघतात, तेवढं पुरतं.

फोर्थसीट:
काका, राग कसला! पण आमचं वाचनालय साडेसातला बंद होतं आणि मी आठला स्टेशनवर उतरते. माझ्याकडे चष्म्यावरून बघायला कोणी नाही.

रात्रपाळी:
मी नर्स आहे, असंच छोटं यंत्र दोन वर्षं वापरतेय. काकांच्या तीनशे पुस्तकांतच सगळी गोची आहे. माझ्या कार्डात एका वेळी एकच पुस्तक असतं. कंटाळा आला तर दुसरं उघडायची सोयच नको.

दुसरं, त्याला फोनची जागा द्या. हात जागा ओळखतो, वस्तू नाही. माझा फोन ॲप्रनच्या उजव्या खिशात असायचा, तिथे आता हे. आणि वेळ ठरवू नका, ठिकाण ठरवा. मी रात्रीच्या चहाच्या ब्रेकला वाचते, चहा संपला की बंद. गोष्ट रंगात आली असली तरी बंद. आतला दिवा नाही हे घरी नडतं, नवरा झोपल्यावर स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागतं. लोकलमध्ये तुम्हाला तो त्रास नाही.

फोर्थसीट:
तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल सॉरी. कानामात्रा, लेकाने पानांची चित्रं करून दिली. 'किती' किती नीट दिसतं म्हणून सांगू! पहिल्यांदा अक्षर बारीक झालं होतं, मग चाळिशीच्या मानाने चांगलं ठसठशीत करायला लावलं. पानावर नऊ ओळी मावतात.

रात्रपाळीताई, तुमचं ऐकलं. ई-रीडर पासाच्या कप्प्यात, फोन डब्याच्या खाली. फोन काढायचा तर आधी आमटीचा डबा मांडीवर घ्यावा लागतो, कोण करतंय! डोंबिवली ते ठाणे वाचायचं, ठाण्याला गर्दी घुसली की बंद. दोन दिवस बुडाले. एकदा डोकं दुखत होतं आणि एकदा शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा कोण वाचणार?

आता नवीनच भानगड. काल चौथ्या सीटवर अर्धी टेकले होते, तिसरीवरच्या बाई, नाव-गाव माहीत नाही, रोजच्या आहेत एवढंच, माझ्या खांद्यावरून बघत होत्या. मी बटण दाबलं तर म्हणतात, "थांबा हो जरा, माझ्या दोन ओळी राहिल्यात."