मदत हवी आहे: आइस-७ च्या प्रतिकृतीत हायड्रोजन कसे मांडावेत?

सुमारे २ गिगापास्कलच्या वरच्या दाबाखाली स्थिर राहणाऱ्या आइस-७ या बर्फाच्या स्फटिकरूपाची संगणकीय प्रतिकृती तयार करत आहे. ऑक्सिजनची अंतःकेंद्रित घनीय मांडणी जमली आहे. प्रत्येक ऑक्सिजनला आठ शेजारी असले तरी हायड्रोजन बंध चौघांशीच असतात, कारण हिऱ्यासारखी दोन जाळी एकमेकांत गुंतूनही परस्परांशी बंधांनी जोडलेली नसतात, आणि ही रचना मला विलक्षण सुंदर वाटते. अडचण हायड्रोजनची आहे. आइस-८ ची, म्हणजे हायड्रोजन ठरावीक क्रमाने मांडलेल्या याच बर्फाच्या रूपाची, सुव्यवस्थित रचना वापरून पाहिली, परंतु तिच्यात दोन जाळ्यांचे द्विध्रुव (धन आणि ऋण भार वेगळे झाल्याने येणारी विद्युत दिशा) परस्परविरुद्ध दिशांना रोखलेले असल्याने युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा मूळ घटक) घनीय न राहता टेट्रागोनल, म्हणजे एका दिशेने वेगळ्या लांबीचा, होतो. प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोन आणि प्रत्येक बंधावर एकच हायड्रोजन, हे नियम पाळून १२८ रेणूंची यादृच्छिक मांडणी करताना एकूण द्विध्रुव शून्य असणे पुरेसे आहे, की प्रत्येक जाळ्याचा द्विध्रुव स्वतंत्रपणे शून्य करावा लागेल?