फ्री डिशवरून गेले, आले, परत गेले

कोणीतरी म्हणालंय की झी, स्टारवाल्यांनी फ्री डिशवरचे (दूरदर्शनची ती फुकटातली छत्री) चॅनल काढले ते निव्वळ हावरटपणामुळे. हावरटपणा आहेच हो, पण हिशोब एवढा सरळ नाहीये. झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल, रिश्ते हे सगळे जुन्या सिरियली फुकट दाखवून जाहिरातीवर पैसा काढायचे, मग 2019 ला ट्रायचे (टीव्ही-फोनवाल्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) चॅनलचे नवीन दर लागू झाले तसे मार्चपासून गायब, कारण एकीकडे केबलवाल्याकडून पैसे घ्यायचे आणि दुसरीकडे छत्रीवर तेच फुकट, हे दोन्ही एकदम जमेना. पण मैदान मोकळं मिळालं दंगल चॅनलला, तो बार्कच्या (कोणता चॅनल किती बघतात ते मोजणारे) यादीत थेट वर जाऊन बसला, आणि 2020 मध्ये हेच शहाणे प्रसार भारतीच्या (दूरदर्शन चालवणारे) लिलावात फ्री डिशवरची जागा घेऊन गुपचूप परत आले! आणि एप्रिल 2022 ला पुन्हा निघून गेले.

आमच्या गावच्या काकूला यातलं काही ठाऊक नाही. तिची सिरियल एका सकाळी गेली, तर ती छत्रीवर कावळा बसला म्हणून काठी घेऊन पत्र्यावर चढायला निघालेली. मी बॉक्स ऑटो स्कॅनला लावला, झी अनमोल काही आला नाही, मग शेमारू मराठीबाणा हा सिनेम्यांचा चॅनल लावून दिला. आता तिला विचारलं तर म्हणते, सिनेमेच बरे, सिरियलीतल्या सुना लई रडतात.