उलटी केस ठोकली की सुटतो म्हणणाऱ्यांना

पेठेतला कारकून:
काल इथं एकानं लिहिलं, "मारामारी-धमकीची केस लागली की वकील नंतर बघा, आधी उलटी केस ठोका. समोरचा आपोआप मिटवायला येतो." खाली शाबासक्यांची रांग. मी सतरा वर्षं कोल्हापूरच्या कोर्टात वकिलांच्या हाताखाली कागद करतोय. या सल्ल्यापायी बुडालेली पोरं बघितल्यात म्हणून लिहितोय.

जीव वाचवायला हात उचलला असेल तर कायदा तुमच्या बाजूला आहे. भारतीय न्याय संहितेची (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) ३४ ते ४४ कलमं त्यासाठीच आहेत. पण मग "होय, मी तिथं होतो, त्यानं आधी काठी घातली, अडवताना माझा हात लागला" हे पहिल्या दिवसापासून एकच सांगावं लागतं. उलट्या फिर्यादीत लोक काय लिहितात? "आम्ही कुणाला बोटसुद्धा लावलं नाही." मग त्याचं डोकं फुटलं कसं? तिथंच तुमचा बचाव लंगडा झाला. वर दोन्ही केसेस एकाच न्यायाधीशापुढं पाठोपाठ चालवायच्या, असं सुप्रीम कोर्टानं नथीलालच्या केसमध्ये १९९० लाच सांगून ठेवलंय. थाप त्याच टेबलावर उघडी पडते.

त्यापेक्षा त्याच रात्री सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात जा, एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची जखमांची नोंद करून घ्या. अटक झाली तरी वैद्यकीय तपासणी होतेच, तिथं प्रत्येक वळ दाखवा. आरोपीला झालेल्या मोठ्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाला देता आला नाही तर त्यांच्या अख्ख्या कहाणीवर शंका येते. सुप्रीम कोर्टाचा लक्ष्मी सिंग निकाल, १९७६. हा कागद उलट्या केसपेक्षा लाखमोलाचा आहे.

बांधावरचा:
तो सल्ला माझाच. पुस्तकातलं सांगू नका. २०१९ ला बांधावरनं चुलतभावानं माझ्यावर केस घातली. मार मी खाल्लेला! ठाण्यात माझं कोण ऐकून घेईना. उलटी फिर्याद दिली, तवा कुठं पाव्हणे मधी पडले आणि तीन महिन्यांत मिटलं. तुमचा दवाखान्याचा दाखला घेऊन मी दहा वर्षं तारखा खाल्ल्या असत्या. आणि आता तर बायकांना पुढं करून विनयभंग लावतात. आमच्या भावकीत दोन घरांत हेच झालंय. त्यावर काय सांगता?

राजारामपुरीतली:
"बायकांना पुढं करून"? मी स्वतः पुढं आले होते. माझ्या जुन्या नोकरीतला एक माणूस आठ महिने मागं लागलेला. रात्री बाराला मेसेज, घराच्या कोपऱ्यावर गाडी लावून बसणं. तक्रार दिली. चौथ्या दिवशी त्यानं माझ्या सत्तर वर्षांच्या वडिलांवर धमकी आणि मारहाणीचा अर्ज दिला. वडील काठी टेकत चालतात! आई रडत म्हणाली, "सोड बाई, आपल्याला नाही झेपायचं." तुमच्या सल्ल्याचा मार असा खऱ्या माणसांना बसतो. मी माघार घेतली नाही, पण वडिलांना ठाण्याच्या बाकावर बसलेलं मी विसरणार नाही.

बांधावरचा:
ताई, तुमच्यावर अन्याय झाला म्हणून आमच्यावर झालेला खोटा ठरत नाही.

राजारामपुरीतली:
खोटा ठरवलाच नाही. तुमच्या भावकीतल्या दोन घरांवरनं सगळ्या बायकांना खोटं ठरवायला तुम्ही निघालाय.

उचगावकर:
भांडण बाजूला ठेवा, ७४ कलम, म्हणजे विनयभंग, लावणाऱ्यांना आणि लावून घेणाऱ्यांना एक सांगतो. साधी मारहाण, कलम ११५(२), ही जखमी माणसाच्या मर्जीनं मिटते. ७४ तशी मिटत नाही. गावात पेढे वाटले तरी ती केस कोर्टात तशीच उभी राहते, रद्द करायला हायकोर्टात जावं लागतं. आमच्या थोरल्या भावाचं असंच झालं. रात्रीच्या गाडीनं मुंबई, दिवसभर कोर्टाच्या पायरीवर, पुढची तारीख, परत रात्रीची गाडी. सहा खेपा. घरची म्हैस विकली त्यात. हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं कोल्हापुरात सुरू झालं, चाळीस वर्षं भांडल्यावर. हे आधी मिळालं असतं तर ती म्हैस आज दारात असती. लोक अजून म्हणतात बेंचचा उपयोग वकिलांनाच! ज्यांनी ती रात्रीची गाडी पकडली नाही त्यांनी बोलू नये.

पेठेतला कारकून:
उचगावकर, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. उलटी केस देताना वजन पडावं म्हणून घरातल्या बाईच्या नावानं ७४ घालतात, तीच पुढं मिटवता येत नाही. शिवाय जाणूनबुजून खोटा आरोप केला तर २४८ कलम आहे, ते वेगळंच.

बांधावरचे, मार तुम्ही खाल्ला होता, म्हणजे तुमची फिर्याद खरी होती. खऱ्या फिर्यादीला मी कधीच नको म्हटलं नाही. त्या दिवशी दवाखान्यात गेलेला का?

बांधावरचा:
नव्हतो गेलो. हळद लावून झोपलो. पाठीवरचे वळ आठ दिवस होते, बायकोनं फोटो काढ म्हटलेलं, मीच नको म्हटलं. दाखला असता तर पाव्हण्यांपुढं अर्धा गुंठा सोडून सही करायची वेळ आली नसती, एवढं मान्य. ताई, "पुढं करून" हा शब्द मागं घेतो. पण ठाण्यात कोण ऐकत नाही हे मी मागं घेणार नाही.

राजारामपुरीतली:
ते मागं घेऊही नका. माझंही कुठं पहिल्या दिवशी ऐकलं होतं?