नव्या ब्लॉगलेखकांच्या स्वागताचा पहिला वेबिनार : आराखडा तपासून द्या (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पौडफाटा
मराठी ब्लॉग लिहिणाऱ्यांचा आमचा ऑनलाइन गट आहे. गेल्या तीन महिन्यांत साठेक नवे सभासद आलेत. निम्मे पुणे-पिंपरीतले, बाकी नाशिक, लातूर, रत्नागिरीचे आणि सात-आठ जण अमेरिका-इंग्लंडात. त्यांच्या स्वागताचा पहिलाच वेबिनार घ्यायचा आहे. आयोजक आम्ही तिघं, राहायला कोथरूड आणि सिंहगड रस्ता. खर्च शक्यतो शून्य.
सध्या ठरलंय ते असं : गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता, झूमचं मोफत खातं. प्रास्ताविक १० मिनिटं, एका ज्येष्ठ ब्लॉगलेखकाचं भाषण ३० मिनिटं, मग सगळ्यांची ओळख, प्रश्नोत्तरं, आभार. एकूण दीड तास. आम्ही तिघं एकाच घरी आपापले लॅपटॉप घेऊन बसणार. लिंक फेसबुकवर टाकणार. काय चुकतंय ते बिनधास्त सांगा.

लकडीपूल
आधी गुरुवार खोडा. पुण्यात महावितरण देखभालीची कामं गुरुवारी काढतं. संध्याकाळपर्यंत वीज येते, पण 'येईलच' एवढ्या भरवशावर साठ माणसं बोलावू नयेत. (पाणीही बऱ्याचदा गुरुवारीच बंद, तेव्हा घरचेही वैतागलेले असतात.)
रविवारी संध्याकाळी ७:३० घ्या. तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे १० आणि हिवाळ्यात ९ वाजलेले असतात, लंडनला दुपारचे ३ किंवा २. कॅलिफोर्निया न्यूयॉर्कच्याही तीन तास मागे, तिथलं कुणी आलं तर त्याची हौस. निमंत्रणात 'भारतीय वेळ' असं स्पष्ट लिहा आणि शेजारी परदेशातल्या वेळाही द्या. अमेरिकेतली घड्याळं मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये सरकतात, त्या आठवड्यांत तासाचा घोळ हमखास होतो. गणपतीचे दहा दिवस टाळा, कारण पेठांत राहत नसलात तरी स्पीकरची भिंत तुमच्या खिडकीखाली येऊ शकते. २७ फेब्रुवारीचा, मराठी भाषा गौरव दिनाचा, मोह होईल. त्या दिवशी प्रत्येकाला आधीच चार आमंत्रणं असतात.
आता मिनिटांचा हिशोब. झूमच्या मोफत खात्यावर १०० माणसं मावतात, पण सभा ४० मिनिटांनी तुटते. तुमचं प्रास्ताविक १० आणि भाषण ३०, झाली चाळीस. म्हणजे ज्यांच्या स्वागतासाठी हा खटाटोप, त्यांनी तोंड उघडायच्या आत पडदा. पुढे ओळख : चाळीस जण आले आणि प्रत्येकाला एक मिनिट दिलं तरी चाळीस मिनिटं, आणि एका मिनिटात मराठी माणसाचं गाव आणि मूळ गावही सांगून होत नाही.
प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, आभारप्रदर्शन हे सभागृहातलं खातं इथे उघडू नका. सभागृहात मधल्या रांगेतून उठून जायला लाज वाटते, इथे एक बटण दाबलं की माणूस गेला. भाषण १० मिनिटांवर आणा. ओळख चॅटमध्ये लिहून घ्या : नाव, गाव आणि 'मला कशावर लिहायचंय' हे एका ओळीत. सूत्रसंचालकाने त्यातल्या सात-आठ ओळी मोठ्याने वाचाव्यात.
आणि झूममध्ये 'वेबिनार' नावाची वेगळी, जास्तीच्या पैशांची सोय असते, तिच्या वाटेला जाऊ नका. तीत पाहुण्यांना माइक-कॅमेरा नसतो, ते नुसतेच प्रेक्षक. तुम्हाला साधी 'मीटिंग' हवी आहे. पत्रिकेवर वेबिनार म्हणा, हरकत नाही.

वेलांटी
वरच्या सगळ्याला अनुमोदन. पण भाषण दहा मिनिटांवर आणून उरलेल्या वेळात काय, हा खरा प्रश्न आहे. 'ब्लॉग का लिहावा' हे साठही जणांना माहीत आहे, म्हणून तर ते आलेत. अडतात ते बारीकसारीक गोष्टींशी. तीनच गोष्टी घ्या आणि पडद्यावर करून दाखवा.
पहिली, टंकलेखन. बऱ्याच जणांकडे जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो ब्लॉगवर चिकटवला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचता येणाऱ्या लिपिसंकेतात, नाही. आधी परिवर्तकातून काढायचा, मग जोडाक्षरं डोळ्यांखालून घालायची. टंकलेखनातच आणखी एक म्हणजे 'ऱ्य'. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत प्राध्यापक आणि स्वयंपाकी इतका फरक आहे, आणि नव्या ब्लॉगवर प्राध्यापकांच्या हातात सर्रास झारा दिलेला असतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबला की 'ऱ' येतो, मग डी म्हणजे हलन्त, मग स्लॅशच्या कळीवर 'य'. हे एकदा सावकाश करून दाखवा, लोक वहीत लिहून घेतात.
दुसरी, लेखाचा पत्ता. ब्लॉगर या गूगलच्या सेवेवर मराठी शीर्षक दिलं की पत्त्यात शीर्षक उतरतच नाही, 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा एवढंच येतं. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये (लेखाच्या कायमच्या पत्त्यात) 'कस्टम' निवडून रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द टाकायचे. प्रकाशित झाल्यावर तो बदलायचा तर लेख पुन्हा ड्राफ्टमध्ये न्यावा लागतो आणि वाटलेल्या लिंक मरतात. वर्डप्रेस मराठी अक्षरं ठेवतं, पण पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की एकट्या 'म'ची टक्क्यांच्या खुणांसकट नऊ चिन्हं होऊ शकतात. पाच शब्दांच्या शीर्षकाची शेपटी चार ओळी जाते आणि लोकांना ती लिंक फसवणुकीची वाटते.
तिसरी, दुसऱ्याचं साहित्य. 'आवडत्या कवीची कविता पूर्ण टाकली तर चालेल का' हा प्रश्न येणारच. भारतात कवीच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविता केव्हाच मोकळ्या झाल्या. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार. रसग्रहणापुरत्या चार ओळी देणं वेगळं, अख्खी कविता वेगळी. कवीचं नाव खाली लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली, हा गैरसमज तिथेच मोडा.

शाईपेन
तांत्रिक बाजू. तिघांनी एका खोलीत तीन लॅपटॉप उघडले की एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि पहिल्याच मिनिटाला शिट्टी वाजते. एक तर वेगवेगळ्या घरी बसा (तेच बरं, एका सोसायटीतली वीज गेली तरी बाकीचे दोघं असतात), नाहीतर एकच माइक आणि एकच स्पीकर चालू ठेवून बाकी सगळं बंद.
आवाजाला वायरवाला साधा इयरफोन पुरतो. लॅपटॉपचा माइक पंख्याचा घरघराट आधी पकडतो, माणसाचा आवाज नंतर. फरशीच्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, त्यापेक्षा गाद्या, पडदे असलेल्या झोपण्याच्या खोलीत बसा. चेहऱ्यावर उजेड समोरून हवा. ट्यूबलाइट पाठीमागे असली की माणूस काळी सावली दिसतो.
वीज गेली की राउटर आधी बंद पडतो, लॅपटॉप नाही. राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, उसना आणा. होस्टने, म्हणजे सभा चालवणाऱ्याने, त्याच खात्यावरून मोबाइल डेटावर फोनही सभेत जोडून ठेवावा, झूम एका खात्यावर एक संगणक आणि एक फोन चालू देतं. फक्त फोनचा आवाज आणि माइक बंद, नाहीतर पुन्हा शिट्टी.
लिंक फेसबुकवर अजिबात नको. उघड्या लिंकवर कुणीतरी येऊन पडद्यावर नको ते दाखवतं. फेसबुकवर नोंदणीचा गूगल फॉर्म टाका, लिंक नोंदवलेल्यांनाच आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा तासभर आधी पाठवा. मेल पाठवताना पत्ते बीसीसीत. साठ लोकांचे पत्ते एकमेकांना वाटणं हे काही स्वागत नव्हे. झूममध्ये वेटिंग रूम चालू, येणारा आपोआप म्यूट, स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे.
सतत हुकणारी गोष्ट : उशिरा आलेल्याला आधीचं चॅट सहसा दिसत नाही. म्हणून महत्त्वाची लिंक एकदा टाकून भागत नाही, दर दहा मिनिटांनी पुन्हा चिकटवा. त्यासाठी एक माणूस फक्त चॅटवर हवा, त्याने बोलायचं नाही.
बरेच जण फोनवर बघतील, तेव्हा स्लाइडवर सहा ओळींपेक्षा जास्त नको आणि अक्षर २८च्या खाली नको. दुसऱ्याच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला की वेलांट्या भलत्याच अक्षराला लागतात. पीडीएफ करून ठेवा.
रंगीत तालीम दोन दिवस आधी, त्याच वेळी, त्याच खोलीतून. सकाळी अकराला नेट उत्तम असतं आणि संध्याकाळी सगळी इमारत सिनेमा बघत असते.

पौडफाटा
गुरुवार रद्द, फेसबुकही रद्द. दोन शंका उरल्या. वेलांटी म्हणतात तसं प्रत्यक्ष करून दाखवावं, की आधी व्हिडिओ करून ठेवावा? आणि मोफतच राहायचं तर झूम की गूगल मीट?

शाईपेन
व्हिडिओ. नेट अडखळलं की थेट प्रात्यक्षिक मेलं. व्हिडिओ लावताना स्क्रीन शेअरच्या चौकटीत 'शेअर साउंड'वर खूण करायला विसरू नका, नाहीतर मूकपट होतो.

वेलांटी
असहमत. व्हिडिओत चूक होत नाही, आणि नवा माणूस चूक कशी निस्तरायची तेच बघायला आलेला असतो. 'ऱ' उमटला नाही, मागे गेलो, भाषा बदललेली राहिली होती, हे दिसायला हवं. व्हिडिओ राखीव ठेवा. नेट पडलंच तर लावा.

लकडीपूल
प्रात्यक्षिक थेट करा, पण एकाच गोष्टीचं : पर्मालिंकसकट एक लेख प्रकाशित करून दाखवा. बाकीच्याचा व्हिडिओ चालेल.
मोफतच हवं तर मीट. तिथे तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटं मिळतात आणि पाहुण्यांना फारसं काही उतरवून घ्यावं लागत नाही. रेकॉर्डिंग हवंच असेल तर झूमचं एक महिन्याचं पैसे भरून खातं घ्या आणि त्याच दिवशी पुढच्या महिन्याचं आपोआप नूतनीकरण बंद करा. रेकॉर्डिंगची सूचना सुरुवातीला तोंडी द्या, ज्यांना दिसायचं नाही ते कॅमेरा बंद ठेवतील. सभा संपल्यावर झूम संगणकावरची फाइल रूपांतरित करत बसतं, ते होईपर्यंत लॅपटॉपचं झाकण मिटू नका. तिथेच तासाभराची मेहनत जाते.
मीटवर वेळ अशी लावा : ७:२०ला खोली उघडा. ७:३० ते ७:३५ स्वागत आणि म्यूट-अनम्यूट कसं करायचं ते. ७:४५पर्यंत भाषण, ८:०५पर्यंत प्रात्यक्षिक, ८:१५पर्यंत प्रश्न. खोली ७:२०ला उघडली की साठ मिनिटं ८:२०ला संपतात, ७:३० पासून मोजू नका. नोंदणी साठ झाली तर तीस-पस्तीस येतील असं धरून चाला, फुकटच्या कार्यक्रमाचं तसंच असतं.
शेवटची पाच मिनिटं आभारात घालवू नका. जुन्या सभासदांची यादी तयार ठेवा, एकेकाच्या वाट्याला चार-पाच नवे. कोणाचा पहिला लेख कोण वाचणार आणि पहिला प्रतिसाद कोण देणार हे तिथेच नावानिशी वाचून दाखवा. परदेशातल्या नव्यांना त्यांच्याच वेळेत जागा असणारा जुना सभासद द्या, नाहीतर पहिला प्रतिसाद दोन दिवसांनी मिळतो.

पौडफाटा
जुने सभासद अठरा आहेत, वाटणी जमते. यादी आजच करायला घेतो. राउटरचा यूपीएस कुणाकडे असला तर कळवा, कोथरूडला येऊन घेऊन जाईन.