जुनं सामान विकताना पैसे रोखीत घ्यावे की यूपीआयनं? माझं मत: यूपीआयच, पण खातं पाहूनच

वाळ्याची_ताटी
एप्रिल लागला की नागपुरात जुन्या कूलरची विक्री जोरात सुरू होते. कोणाची बदली होते, कोणी एसी घेते, पोरं शिक्षण संपवून खोली सोडतात. ऑनलाइन फोटो टाकला की लगेच फोन. भाव ठरवताना शंभर-शंभर रुपयांसाठी घासाघीस करणारे आपले लोक पैसे घ्यायच्या वेळी मात्र ढिले पडतात, म्हणून लिहून राहिलो.

आमच्या मानेवाड्यात शेजारच्या काकूंचा डेझर्ट कूलर न्यायला एक जण छोटा हत्ती घेऊन आला. कूलर गाडीत चढला, इंजिन सुरूच, आणि त्यानं मोबाइल पुढे केला. हिरवी टिक, रक्कम, काकूंचं नाव, सगळं बरोबर. काकूंच्या खात्यात मात्र एक रुपया नाही. मी म्हटलं, आधी कूलर खाली उतरवा, मग बोलू. "सर्व्हर डाऊन आहे, येतील दहा मिनिटांत" असं तो म्हणत राहिला. शेवटी कूलर उतरवला आणि निघून गेला. अशी टिक दाखवणारी खोटी अ‍ॅपं सर्रास मिळतात. मेसेजचंही तेच. बँकेचा खरा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही.

तरीही माझं मत यूपीआयच्याच बाजूनं आहे. नोंद राहते, कोणी दिले ते कळते. फक्त आपल्या बँकेच्या अ‍ॅपात जमा दिसल्याशिवाय वस्तू दाराबाहेर जाऊ द्यायची नाही.

महालकर
नाही पटत भाऊ. नोटा हातात आल्या, मोजल्या, विषय संपला. हे सगळे घोटाळे मोबाइलमुळेच होऊन राहिले. "मी आर्मीत आहे, कामठीला पोस्टिंग आहे, सामान न्यायला माणूस पाठवतो, तुम्ही हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असा फोन इथे किती जणांना आला असेल! कामठीला छावणी आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून माणूस चटकन विश्वास ठेवते. माझ्या वडिलांना यूपीआय शिकवायचं की नोट मोजायला सांगायचं? मी नोटच सांगीन.

त्रिमूर्तीनगर
महालकर दादा, वडिलांना एकच गोष्ट सांगा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, समोरच्याचा क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. पिन टाकला की आपले पैसे जातात, येत नाहीत. एका व्यक्तीनं दुसऱ्याकडे पैशाची रिक्वेस्ट पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायला लावली, ती याच फसवणुकीमुळे. क्यूआरची युक्ती मात्र सुरूच आहे.

आणि नोटांचं म्हणाल, तर संध्याकाळी पार्किंगच्या अंधारात पाचशेच्या तीस नोटा कोण नीट तपासते? नोट तिरपी केली की आतला धागा हिरव्याचा निळा दिसायला पाहिजे. नकली निघाली तर बँक ती ठेवून घेते, बदल्यात छदामही देत नाही. एका वेळी पाच किंवा जास्त निघाल्या तर पोलिसांत तक्रार जाते, आणि नोटा भरणारे तुम्ही असता.

कामठीरोड
यूपीआयवाले एक गोष्ट सांगून नाही राहिले. माझ्या भावानं जुना मोबाइल विकला, पैसे खात्यात आले, स्वतः पाहिले. काही दिवसांनी खात्यावर होल्ड, म्हणजे पैसे काढताच येईना! पैसे देणाऱ्यानं दुसऱ्या राज्यात कोणाला तरी फसवलं होतं. त्या फसलेल्या माणसानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पैशाचा माग भावाच्या खात्यापर्यंत आला. बँक म्हणे तिथल्या पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणे इथे या. पगाराचं खातं होतं, घराचा हप्ता चुकला. खात्यात पैसे दिसले म्हणजे सुटलो, असं कोणी समजू नका.

वाळ्याची_ताटी
कामठीरोड भाऊ, हा मुद्दा खरा आणि गंभीर आहे. पण रोखीकडे वळायचं हे त्यावरचं उत्तर नाही. देणारा आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे का, ते पाहा. "मित्राच्या खात्यातून टाकतो" म्हटलं की सौदा बंद. नाव जुळलं पाहिजे, ओळखपत्र पाहिलं पाहिजे. मूळ बिल आणि सगळं चॅटिंग जपून ठेवा, म्हणजे वस्तू विकूनच पैसे घेतले हे दाखवता येते. विक्रीसाठी पगाराचं खातं नकोच. थोडी रक्कम असलेलं वेगळं बचत खातं ठेवा.

सदरची_वाचक
आम्हा घेणाऱ्यांचंही ऐका ना. मी जुनं टेबल घ्यायला गेले, माझ्या खात्यातून पैसे कटले, त्यांच्याकडे जमा दिसेना. ते म्हणाले, पुन्हा टाका. काहून टाकू? रिझर्व्ह बँकेच्या नियमानं असे अडकलेले पैसे जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे घेणाऱ्यानं एक दिवस थांबायचं, आणि तोवर विकणाऱ्यानं टेबल दुसऱ्याला द्यायचं नाही. तुम्ही सगळे घेणाऱ्याला चोर धरून चालता. टोकन म्हणून आगाऊ पैसे घेऊन फोन बंद करणारे विक्रेते काय कमी आहेत?

त्रिमूर्तीनगर
ताई, म्हणूनच टोकन द्यायचंच नाही. वस्तू पाहायची, चालवून पाहायची, मग पैसे.

महालकर
टोकनचं पटलं. रोखीवर मी ठाम आहे, पण अंधारातल्या पार्किंगमध्ये नाही. घेणाऱ्याला बँकेच्या कॅश डिपॉझिट मशीनपाशी बोलवायचं. सीताबर्डी, धरमपेठ, कुठेही मिळते. त्याच्यासमोर नोटा मशीनमध्ये टाकायच्या, पावती निघाली की वस्तू त्याच्या हातात. ना स्क्रीनशॉट, ना होल्ड.

कामठीरोड
महालकर काका, मोबाइलसाठी हे चालेल. कूलर घेऊन मशीनपाशी कोण जाईल?

महालकर
कूलर घरीच राहू दे. पैसे भरून दोघं सोबत घरी या, मग छोटा हत्ती बोलवा.