यील्ड नको, तास बघा

वर विचारलंय की ५४० डिग्री सेल्सिअसला पी २२ (क्रोम-मॉली स्टील) च्या पाइपची यील्ड, म्हणजे धातू कायमचा ताणायला लागतो तो स्ट्रेस, बरी दिसते तर डिझाइन कोडमधला अलाउएबल (वापरायला परवानगी असलेला) स्ट्रेस इतका कमी का. अहो तिथे यील्ड मागेच पडते, लोड तेवढाच ठेवला तरी धातू हळूहळू ताणत जातो, यालाच क्रीप म्हणतात, म्हणून एएसएमई (हा कोड काढणारी अमेरिकन इंजिनिअर संस्था) तीन आकडे बघतं, १००० तासांत ०.०१ टक्के क्रीप देणारा सरासरी स्ट्रेस, मग १ लाख तासांत तोडणाऱ्या सरासरी स्ट्रेसचे ६७ टक्के आणि तेवढ्याच तासांत तोडणाऱ्या किमान स्ट्रेसचे ८० टक्के, यातला सगळ्यात कमी तो धरायचा. पण १ लाख तास म्हणजे जवळपास साडेअकरा वर्षांनी पाइप फुटणार असं मुळीच नाही, कारण धरलेला स्ट्रेस तोडणाऱ्या स्ट्रेसपेक्षा कमीच असतो, हा गैरसमज फार आहे.

मला खरी काळजी तापमानाची वाटते. लार्सन-मिलरमध्ये (तापमान आणि तुटेपर्यंतचे तास जोडणारं सूत्र) सी हा स्थिरांक २० धरून बघा, ५४० ला जो स्ट्रेस १ लाख तास टिकतो तोच ५५० ला निम्मे, म्हणजे ५० हजारच्या आसपास, आणि ५५५ ला जेमतेम ३५ हजार! आणि सुपरहीटरच्या (बॉयलरमधली स्टीम आणखी तापवणारा भाग) ट्यूबमध्ये आतून ऑक्साइडचा थर बसला की स्टीमचं तापमान तेच दिसतं पण मेटल तापत जातं, तेव्हा प्लीज नुसत्या स्टीमच्या रीडिंगवर उरलेलं आयुष्य काढू नका.